राखलेलं पातं

माळावरचं गवत माणसाच्या कमरेला लागायचं, तेव्हाची गोष्ट. पिंगी नावाच्या तपकिरी फुलपाखराचा हिरवा सुरवंट एका पात्याआड लपलेला असे. समोरच्या बाभळीवर वटवट्या पक्षी टपलेला. पिंगीच्या जिवाला घोर लागलेला.

सुरवंटानं पात्याला तोंड लावलं की ती ओरडायची, "अरे, खाऊ नकोस! आडोसाच संपला तर लपशील कुठं?"

"आई, खाल्ल्याशिवाय पंख कसे फुटतील?"

"आधी जीव वाचव, मग पंख!"

तो बिचारा अर्धपोटी पडून राहिला. शेजारचे सुरवंट पाती फस्त करून कोषात गेले, उडूनही गेले.

एका सकाळी पिंगी आली. पातं शाबूत होतं, पण वाळून पिवळं पडलं होतं. त्यावर तिचं हिरवंगार लेकरू लांबूनही उठून दिसत होतं.

तिनं बाभळीकडं पाहिलं. वटवट्या तिथं नव्हता; तो पिवळ्या पात्याकडं झेपावला होता.