झाकणावरचं नाव

मंडळी, तुम्ही भरवसा कशावर ठेवाल, भांड्याच्या आवाजावर की झाकणावरच्या नावावर?

फार वर्षांमागे एका बंदरावर जपानी मातीची फुलदाणी विकायला आली. आठ दिवस लाकडाच्या जाळात भाजलेली, अंगावर राखेचे डाग. सोबत तिची लाकडी पेटी होती आणि झाकणावर नामवंत कुंभाराचं नाव. पण जहाजात फुलदाणीच्या बुडाला केसासारखी चीर गेली होती.

"कुणी टिचकी मारली, की मी खरं ते सांगून टाकीन," फुलदाणी म्हणाली.

"अगं, मारतंय कोण? माझ्यावरचं नाव वाचूनच लोक हात जोडतात," पेटी हसली.

झालंही तसंच. चार आण्यांचा माठ तीनदा वाजवून घेणारे विसाजीशेट नाव बघून भुलले, कारण जपानी फुलदाण्या जमवायचा त्यांना भारी नाद. घरी नेऊन त्यांनी तिच्यात पाणी भरलं, चाफ्याची फांदी खोवली आणि ज्या पाटावर गेलेल्या लेकीची पाण्याच्या रंगांत काढलेली एकुलती एक तसबीर होती, त्यावरच ठेवली. फुलदाणीला जन्मात पहिल्यांदा फूल मिळालं होतं. तिने जीव एकवटून पाणी धरलं, पण ते झिरपलंच. संध्याकाळी पाहतात तो तसबिरीतला चेहरा विरघळलेला.

शेटजींनी फुलदाणी उकिरड्यावर टाकली. पेटी मात्र पुसून ठेवली आणि महिन्याभरात तिच्यात भलतीच फुलदाणी बसवून विकली. नाव तेच. उकिरड्यावरून फुलदाणीने पेटीला गाडीत चढताना पाहिलं.

तेव्हा मंडळी, विक्रीच्या वहीत माल मांडाल तेव्हा नावाशेजारी त्याची चीरही मांडा, एवढी हात जोडून विनंती.