मंजुळेचा तवा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा घरोघर चुली होत्या आणि एका घरात फोडणी पडली की चार घरांत शिंका यायच्या.

खाडीकाठच्या एका गावात मंजुळा नावाची मुलगी लग्न होऊन आली. तिच्या माहेरची रीत मोठी गोड. लेकीला सासरी पाठवताना नवा तवा द्यायचा नाही. आईने आपला रोजचा, हाताखालचा तवा द्यायचा आणि स्वतः नव्या तव्यापासून सुरुवात करायची.

मंजुळेची आई लग्नाआधीच वारलेली. तेव्हा तो बिडाचा तवा बापानेच फडक्यात बांधून दिला.

मंजुळा म्हणाली, "आबा, मग तुम्ही कशावर भाजाल?"

"मला भात पुरतो गं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येईन, तेव्हा आईच्या तव्यावरचं घावन घाल म्हणजे झालं. ती गेल्यापासून तोंडाला लागलं नाही बघ."

तवा कसा होता म्हणाल, तर जाड, जड आणि काळाकुळकुळीत. पीठ ओतलं की चुर्र करून जाळी पडायची आणि कडा आपोआप सुटायच्या. मंजुळा घावन उलटताना मनात म्हणायची, ही माझी करणी नव्हे, आईचाच हात आहे हा.

शेजारी एक अक्का राहायची. मनाने मऊ, पण जिभेला लगाम नाही. तिच्या फळीवरची पितळेची भांडी चिंच आणि राखेने घासून अशी लखलखायची की त्यात बघून कुंकू लावावं. एकदा ती दारातूनच म्हणाली, "काय गं मंजुळे, तुझ्या माहेरी राख मिळत नाही होय? तवा आहे का चुलीवर कावळा बसलाय?"

मंजुळा हसली, पण शब्द आत रुतला.

नागपंचमी आली. त्या दिवशी चुलीवर तवा चढवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अक्काने उकडलेली दिंडं आणून दिली. तवा मात्र कोपऱ्यात रिकामा. मंजुळेला वाटलं, उद्या आबा येणार. आईचा तवा त्यांना लख्ख दिसू दे. विहिरीवर बसून तिने वाळू, राख, चिंच सगळं लावून तो घासला. बोटं सोलली, तरी थांबली नाही. काळा थर सुटला, खालचं करडं बीड उघडं पडलं. तवा धुऊन तिने ओलाच पालथा घातला.

श्रावणातली ओल ती. सकाळी तव्यावर लाल गंज.

तिने घाईने पुसला आणि चुलीवर ठेवला. पहिलं घावन जे चिकटलं, ते सुटेना. दुसऱ्याची लक्तरं झाली. घरभर करपल्याचा वास. तेवढ्यात दारातून हाक आली, "मंजू!"

मंजुळेने पदरात तोंड लपवलं. "आबा, मी आईचा हात पुसून टाकला हो!"

म्हातारा चुलीपाशी आला. तवा उतरवून निवू दिला आणि बोटाने वाजवला. खण्ण! "तडा नाही. तुझ्या आईच्या माहेरी आपली रीत नव्हती; बाजारात तिने सगळे तवे असेच वाजवून पाहिले होते. बद्द वाजले ते ठेवून दिले, हा उचलला. तेव्हा असाच होता हा, करडा आणि हट्टी. आण ते घावन."

"ते? ते गाईला घालते."

"गाईला दुसरं घाल. वाढ."

नारळाच्या रसात ती लक्तरं बुडवून त्याने खाल्ली आणि त्याचे डोळे भरून आले. "हेच गं. नव्या संसारात तुझी आई मला असंच वाढायची आणि वर दटावायची, मुकाट्याने खा म्हणून! विसरूनच गेलो होतो मी."

करपल्याच्या वासाने अक्का आलीच. पाहून बिचारी ओशाळली. "जळली माझी जीभ!" म्हणाली आणि घरी जाऊन तेलाची वाटी, नारळाची शेंडी घेऊन आली. आबांनी गंज खरवडून काढला, तवा सुकवला, शेंडीने तेल फिरवून मंद आचेवर तापवला. "रोज असं कर. तापल्यावर गार पाणी ओतू नको, तडकेल. ओला ठेवू नको. बाकीचं तुझा हात करील."

आणि हाताने ते केलं. रोजची भाकरी, रोजचं तेल. वर्षाने आबा पुन्हा आले तेव्हा तवा काळाभोर झाला होता. ताटात जाळीदार, अख्खं घावन पडलं. आबांनी चवीने खाल्लं, बोटं चाटली, मग हळूच विचारलं, "एखादं मोडकं नाही का गं?"

बोध: जे रोजच्या राबण्याने मुरतं, ते लोकांच्या बोलण्याला भुलून घासू नये, आणि चुकून घासलंच, तर रडत न बसता पुन्हा राबायला लागावं.