नातं नसल्याचा दाखला

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा अर्ज भूर्जपत्रावर लिहीत. अर्ज मात्र तेव्हाही लिहावाच लागे.

एका राज्यात दोन सख्खे भाऊ होते. थोरला कुंभार होता आणि धाकटा त्या राज्याचा प्रधान. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्याने मडकी विकून धाकट्याला शिकवले होते. ही गोष्ट थोरला कोणाला सांगत नसे आणि धाकट्याला ती कोणी काढलेली आवडत नसे. त्यामुळे ती जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती.

प्रधान निःस्पृह म्हणून प्रसिद्ध होता. अधिकाऱ्याच्या नातलगाला सरकारी मदत मिळणार नाही, असा नियमच त्याने केला होता. नियम चांगला होता. आधीच्या प्रधानाच्या काळात दुष्काळाचे धान्य त्याच्या मेव्हण्यांच्या कोठारात जाई; एका वर्षी तर मेव्हणे कमी पडले होते. ते सगळे थांबले. राजाने खूश होऊन प्रधानाला तीन गावे इनाम दिली. त्या उत्पन्नातून प्रधान हमरस्त्यावर एक धर्मशाळा बांधत होता. दारावर स्वतःचे नाव कोरून झाले होते, छप्पर व्हायचे होते.

एका वर्षी नदीला पूर आला आणि काठावरच्या सगळ्या कुंभारांच्या भट्ट्या वाहून गेल्या. प्रत्येक कुंभाराला सरकारातून विटा आणि सरपण द्यावे, असा राजाने हुकूम काढला. थोरला रांगेत उभा राहिला. पणत्यांच्या दिवसांआधी भट्टी उभी राहिली नाही, तर गाढवे आणि चाक विकून परमुलखात मजुरीला जाणे त्याला भाग होते.

कारकुनाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "बाबा, तुम्ही प्रधानजींचे भाऊ ना?"

"हो."

"मग तुम्हाला मदत नाही. नियम आहे."

"पण भट्टी माझीही वाहून गेलीय."

"नदीला नियम नसतात हो. आम्हाला असतात." कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही इथं कशाला उन्हात उभे राहता? भावाकडे जा की सरळ!"

घरी बायकोनेही तेच सांगितले. "अहो, भावजींच्या घोड्यांना पक्का तबेला आहे. आपल्याला चार विटा जड होतील का त्यांना?"

थोरला गेला. धाकट्याने पाया पडून त्याला गादीवर बसवले, चांदीच्या पेल्यातून ताक दिले आणि सगळे ऐकून घेतले.

"दादा, तुझ्यासाठी जीव देईन मी. विटा मात्र देता येणार नाहीत."

"जीव राहू दे. तो भट्टीला लागत नाही."

"लोक म्हणतील, प्रधान सगेसोयरे पोसतो. माझ्या लेखी सगळी प्रजाच माझी नातलग आहे."

"मग मला प्रजेत धर."

"प्रजेला सरकार देतं."

"सरकार म्हणतं, तुझ्याकडे जा."

"बरोबर आहे. तो नियम मीच केलाय."

"अरे, पण मी सरकारचं कुठं मागतोय? तुझ्या अंगणात धर्मशाळेच्या विटा पडल्यात. त्यातल्या दे."

"त्या परक्या वाटसरूंसाठी आहेत दादा. तिथं आपल्या माणसांना पुढं करणं बरं दिसत नाही."

थोरल्याने ताकाचा पेला खाली ठेवला. "मग असं कर. मी तुझा कोणीच नाही, असं लिहून दे. परका झालो म्हणजे कुठूनतरी मिळतील."

हे तो चिडून बोलला होता. पण प्रधानाचा चेहरा उजळला. त्याने लगेच भूर्जपत्र घेतले आणि लिहिले, 'सदर इसमाचा व आमचा कोणताही नातेसंबंध नाही.' खाली राजमुद्रा उमटवली. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. आता हा हसेल आणि पत्र फाडेल, असे थोरल्याला वाटले. प्रधानाने ते नीट घडी करून त्याच्या हातात दिले.

"बघ, निघाला की नाही मार्ग!"

दुसऱ्या दिवशी कारकुनाने ते तीनदा वाचले. "शिक्का आहे म्हणजे खरंच असणार. चला, अर्ज भरू. वडिलांचं नाव?"

"सटवाजी."

बोरू थांबला. "दप्तरात प्रधानजींच्या वडिलांचंही हेच नाव आहे. तुम्ही भाऊ नाही, मग बाप एक कसा? दुसरं एखादं नाव सांगा."

"बाप बदलू?"

"अर्जापुरता हो."

"मला विटा नकोत," थोरला म्हणाला आणि उठला. घरी जाऊन त्याने गाढवांना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

कारकुनापुढे मात्र अर्धा अर्ज उरला. तो फाडता येईना आणि पुरा करता येईना. मग त्याने वर लिहिले, 'सटवाजी हे नाव दोघांपैकी कोणापुढून काढावे, याचा खुलासा व्हावा.' प्रधानाविषयीचा कागद प्रधानाकडे जाऊ नये, असाही एक नियम होता. तोही प्रधानानेच केलेला. कागद राजाकडे गेला.

राजाने दोघांना बोलावले. थोरल्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि प्रधानाला विचारले, "हे कोण तुझे?"

प्रधानाने हात जोडले. "थोरले बंधू, महाराज. पण मी खजिन्यातली एक वीटही कधी घरच्यांना दिली नाही."

"खजिन्यातली मागितली कोणी? तुझ्या अंगणातली मागितली होती. ती वाचवायला तू माझ्या मुद्रेखाली खोटं लिहिलंस. आज हे भावाबद्दल लिहिलंस, उद्या कशाबद्दल लिहिशील?"

"महाराज, एवढं मनावर घेऊ नका," थोरला मध्येच म्हणाला. "लहान आहे तो."

लहानाचे केस कानांवर पांढरे झाले होते. राजाने मुद्रा काढून घेतली, इनामाची गावे काढून घेतली आणि वाडाही.

वेशीपाशी कारकून धापा टाकत थोरल्याला गाठायला आला. "बाबा, थांबा! आता तुम्ही अधिकाऱ्याचे भाऊ नाही. वडिलांच्या नावासकट अर्ज मंजूर. आजच विटा घेऊन जा."

थोरल्याने विटा घेतल्या, पण त्याला त्यांचा आनंद झाला नाही. गाढवे विकली गेली नाहीत, भट्टी वेळेत उभी राहिली. धर्मशाळा बिनछपराची राहिली. दारावरचे नाव मात्र वाटसरूंना लांबून वाचता येई. धाकटा एक बोचके घेऊन थोरल्याच्या दारात आला, तेव्हा वहिनीने पान वाढले. त्याने दुसऱ्या दिवसापासून माती वाहायला घेतली. सुरुवातीला गाढवेही त्याचे ऐकत नसत.

या गोष्टीवरून घ्यायचे ते एवढेच: सरकारी तिजोरीला नातलगांपासून कुलूप घालावे हे योग्यच आहे, पण तेच कुलूप जो स्वतःच्या कनवटीला घालतो, तो निःस्पृह नसतो, नुसता कंजूष असतो.