नाव न सांगणारा प्रिंटर

माणसं घरी गेली की यंत्रं आपसांत बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एका कचेरीतल्या जुन्या प्रिंटरला लिनक्सवर चालणारा नवा संगणक जोडला. जोडणी झाली की आधी नाव विचारायचं, या यंत्रांच्या रीतीप्रमाणे संगणकाने विचारलं, "आजोबा, आपलं नाव?"

प्रिंटर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच.

"मेलाय तो," शेजारच्या टेबलावरचा स्कॅनर म्हणाला. "उद्या भंगारात जाणार."

संगणकाला राहवेना. नावगाव न विचारता त्याने जाडजूड केबलमधून साधी एक ओळ छापायला पाठवली: 'आजोबा, आहात ना?'

खर्रर्र! धूळ उडाली, टेबल थरथरलं. पडद्यावर येऊन पुसली जाणारी आपली अक्षरं कागदावर ठाम उमटताना पाहून संगणक थक्क झाला.

"नाव मला कुणी दिलंच नव्हतं, बाळा, मग सांगणार काय?" प्रिंटर म्हणाला. "तू काम दिलंस, तेव्हा बोललो."