प्रधानांची चौकशी

"आमचा हत्ती सुकून काठी झाला! त्याचे तूप-गुळाचे रोट जातात कुठे?" महाराज गरजले.

"माहूतच खातो, महाराज!" प्रधान शेषराव म्हणाले आणि तोंडावर शेला धरून ढेकर दिला.

झालं! माहूत भिवा कैदेत, उद्या हद्दपार. त्याची बायको येसू तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन उच्च न्यायसभेकडे धावली.

न्यायाधीश धुंडिराज हळहळले. "बाई, रोट कुठं जातात ते आम्हालाही दिसतं. पण प्रधानांची चौकशी करायची तर प्रधानांचीच लेखी परवानगी लागते. नियमच आहे तसा!"

"केला कुणी हा नियम?"

"प्रधानांनी."

येसू थेट महाराजांपुढे उभी राहिली. पण महाराज पक्के हट्टी! "नियम म्हणजे नियम! दिवस मावळायच्या आत परवानगी आण, भिवा सुटला. नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर वेशीबाहेर!"

"आणते!" येसू बोलून गेली, आणि मग तिनं कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. हिचं अजून जावळ व्हायचंय, आणि आपण हिला घेऊन रानात राहायला निघालो!

येसू प्रधानांच्या वाड्यावर पोचली, तेव्हा शेषराव झोपाळ्यावर पहुडले होते. "काय गं, रडायला आलीस?"

"छे हो, सरकार! उद्या न्यायसभेत सेनापती हैबतरावांची चौकशी आहे ना, पुढची जागा धरायला निघालेय. सगळं गाव लोटणार!"

"त्या हैबत्याची चौकशी?"

"लोक म्हणतात, चौकशी करावी एवढा मोठा माणूस राज्यात तोच एक. बाकीच्यांना कोण विचारतंय!"

झोपाळा थांबला. "मी असताना? त्यानं खाऊन खाऊन खाल्लं काय? घोड्यांचे हरभरे! आण परवानगीचा कागद! आधी माझी चौकशी!"

शिक्का उमटला. सूर्य टेकायच्या आत न्यायसभेनं महाराजांसमोर प्रधानांचं कोठार उघडलं. आत आढ्यापर्यंत रोटच रोट!

"फसवणूक!" शेषराव ओरडले. "महाराज, हैबतरावांची चौकशी नव्हतीच मुळी! ही बाई खोटं बोलली!"

महाराजांनी डोळे वटारले. "काय गं, खोटं बोललीस?"

येसूनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती म्हणाली, "मग करा ना त्यांचीही चौकशी, महाराज! म्हणजे माझं खरं होईल."

मागे उभे असलेले सेनापती हळूच दाराकडे सरकले. ते पाहून महाराज असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला!

भिवा सुटला, प्रधानांचा नियम रद्द झाला, आणि कोठाराची किल्ली येसूच्या कमरेला लागली. दुसऱ्या दिवसापासून हत्तीचे रोट थापायला शेषराव बसले, आणि त्यांच्या शेजारी हरभरे निवडत हैबतराव!