म्हाताऱ्या इंजिनाची ठिणगी

अकोल्यातल्या एका सोसायटीत एकट्या राहणाऱ्या कमलिनीबाई देवपुजारी आपल्या अडीच लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे स्पार्क प्लग स्वतःच बदलत होत्या. सोसायटीचे अध्यक्ष सरनाईकसाहेब चारचौघांसमोर गरजले, "बाई, हे धूड भंगारात द्या! म्हाताऱ्या इंजिनाला नवी ठिणगी कशाला?"

पान्याने प्लग घट्ट करत बाई म्हणाल्या, "साहेब, गेल्या वर्षी तुमच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा डॉक्टरांना हेच सांगितलं होतं का?"

सगळे खो खो हसले आणि पांगले. साहेब मात्र तिथेच उभे राहिले.

"तेव्हा दवाखान्यात माझ्यासोबत कोणीच नव्हतं हो," ते हळूच म्हणाले.

बाईंनी गाडीत बसून चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं.

"बसा. मलाही तसं कुठे जायचं नाहीये."