फेट्यावर फेटा

"पण बुवा, माझंच डोकं का?"

चिदंबरबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. समोर रणधीर खलाटे, फलटणच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान. अंगाने उंचापुरा, आणि ताठा त्याहून वीतभर उंच. लहानपणापासून बुवांचा शिष्य, पण वाकून नमस्कार करताना अजून त्याची कंबर कुरकुरायची.

"गोल असेल," बुवा म्हणाले.

रणधीरला हसू आलं नाही. गावोगाव करामती दाखवत फिरणारा एक परदेशी संघ फलटणला येणार होता. सामना नावालाच, लोक जायचे ते गंमत बघायला. त्यांचा एक खेळाडू बोटावर चेंडू गरगर फिरवायचा आणि तसाच फिरता चेंडू यजमान कप्तानाच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. दर गावात माणसं पोट धरधरून हसायची म्हणे.

एरवी रणधीरने हेही गिळलं असतं. पण ज्या मुलीशी त्याची सोयरीक ठरत आली होती, ती आणि तिच्या घरची मंडळी वाठारहून खास सामना बघायला येणार होती. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तिच्यासमोर आपलं माकड होणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

"हसं झालं तर संपलंच सगळं. काहीतरी उपाय सांगा."

बुवांनी बराच वेळ विचार केला...

मग एक शेंग पुढे केली. "खा."

हा काही उपाय नव्हे, असं ठरवून रणधीर शेंग न घेताच उठला आणि त्याने स्वतःच उपाय शोधला. आयोजकांना गाठून म्हणाला, पाहुणे परदेशातून येणार, सत्कार आपल्या रीतीनेच व्हायला हवा. पहिल्या रांगेतल्या झाडून सगळ्या मान्यवरांना फेटे बांधा, आणि सामना सुरू होईपर्यंत यजमान कप्तानालाही. फेट्यावर चेंडू फिरत नाही, हे त्याने घरी करून पाहिलं होतं.

सत्कार वाढवायला आपल्याकडे कोण नाही म्हणतो? आयोजक खूश झाले.

त्या दिवशी मैदान गच्च भरलं. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं तर संपता संपेनात. अखेर तो उंच खेळाडू बोटावर चेंडू फिरवत रणधीरपाशी आला आणि थबकला. समोर केशरी फेटा, वर तुरा. रणधीरने मिशीवरून बोट फिरवलं.

खेळाडू शेजारच्याकडे वळला. फेटा. त्याच्या शेजारी, फेटा. बिचारा सगळी रांग पालथी घालत धावला, पण एक मोकळं डोकं मिळेना. लोक चुळबुळू लागले...

रांगेच्या शेवटी बुवा बसले होते, अर्थात फेटा बांधून. त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद उतरवला. मानाची वस्तू, खाली कशी ठेवणार? ते उठले, सावकाश चालत रणधीरपर्यंत आले आणि त्यांनी आपला फेटा त्याच्या फेट्यावर नीट बसवला.

मग आपलं तुळतुळीत डोकं खेळाडूपुढे वाकवलं.

चेंडू फिरू लागला. बुवा इतके खदखदून हसले की तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. सारं मैदान हसून लोळत होतं. आणि मधोमध रणधीर उभा होता, दुमजली फेट्याखाली. हललो तर वरचा पडेल, म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत.

दुसऱ्या दिवशी वाठारहून निरोप आला. बाकी सगळं पसंत आहे, पण मुलीला एकच विचारायचंय, मुलगा कधी हसतो का?

रणधीर निरोप घेऊन तडक मठात गेला. बुवा शेंगाच सोलत होते. त्याने निरोप सांगितला. बुवांनी ऐकून घेतला.

"एवढी रांग होती, बुवा. माझ्याच डोक्यावर का?"

बुवांनी आणखी एक शेंग सोलली.

"मान अजून अवघडलीय," रणधीर म्हणाला, आणि ते बोलता बोलता त्याचं त्यालाच हसू फुटलं.

बुवांनी एक शेंग पुढे केली. या वेळी त्याने ती घेतली.

"चेंडू हलका होता रे," बुवा म्हणाले.